सातनं गुणल्यावर

दुपारची जेवणं आटोपल्यावर माझ्या मुलीनं, जुईनं, कॅल्क्युलेटर माझ्यापुढे धरला. त्यावर १४२८५७ हा आकडा होता. "बाबा, दोननं गुणा." गुणलं, तोंडी करायची माझी बिशाद नव्हती. २८५७१४ आले. तीननं गुणलं, तर ४२८५७१. सहापर्यंत कशानंही गुणा, तेच सहा अंक त्याच ओळीत गोल फिरत राहतात; पहिल्या खुर्चीवर तेवढं दर वेळी दुसरंच कोणी बसलेलं.

समोर आई शेंगा सोलत बसली होती. हल्ली तिच्या डोक्यात आमच्याही जागा अशाच फिरतात. जुईला ती "ताई" म्हणते; म्हणजे तिची वारलेली थोरली बहीण. माझ्या बायकोला सासूबाई समजून पदर सावरते. बायकोची त्याला हरकत नाही, एरवी हा मान कुठला मिळायला. आणि मला, वडिलांना म्हणायची तसं, "अहो, औषध घेतलंत का?" मी "घेतलं" म्हणतो. कुणीतरी आहोत ना आपण, एवढ्यावर भागवतो.

"आता सातनं," जुई म्हणाली.

९९९९९९.

सगळे एकसारखे. कोण कुठे होतं, काही कळायला मार्ग नाही. मी घाईघाईनं आकडा पुसला.

"घाबरलात की काय, बाबा?"

तेवढ्यात आईनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग जुईकडे, आणि पाहुण्यांशी हसावं तसं हसून तिनं विचारलं, "तुम्ही दोघं कुणाकडची?"