बापानं घातलेलं कुलूप

राजारामपुरीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा प्रसेनजीत तोंडानं फटकळ. त्याच्याकडं अक्काताई लेकीला, आदितीला, घेऊन आल्या. तिच्या ऑनलाइन गेमला बापानं रोज एकाच तासाचं कुलूप घातलेलं, आणि बाप गेल्या महिन्यात वारला.

कुलूप काढायला बापाची जन्मतारीख हवी होती. अक्काताईंनी पत्रिकेतली तारीख सांगितली, ती काही चालेना.

“नवऱ्याची तारीख ठाऊक न्हाय व्हय?” प्रसेनजीत खेकसला. मग त्याला स्वतःचा दाखला आठवला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या वर्गाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं.

त्यानं वर्ष तेच ठेवून एक जून टाकलं आणि कुलूप उघडलं.

“काढून टाक की. आता कोण बघायला बसलंय?” अक्काताई म्हणाल्या.

आदितीनं त्याचा हात धरला. “नको काका. पप्पांचं तेवढंच अजून चालू हाय.”