नॉर्मल क्रमांक चार, अकरा, एकोणीस आणि सत्तावीस

आमच्या गल्लीत अशी बातमी आहे की माझ्या मामाने आपला मेंदू संशोधन संस्थेला विकलाय, आणि तो गेला की पांढऱ्या गाडीतून डबा घेऊन माणसं येणार आहेत. इस्त्रीवाल्याने तर मला डब्याचा आकारही हातांनी दाखवला. खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात गाठतात, तोंड कानाला लावतात आणि "मग आत्ता काय आहे गं त्यांच्या डोक्यात?" असं विचारतात. त्यांचा ओला श्वास कानात जातो आणि मला परत अंघोळ करावीशी वाटते.

खरी गोष्ट अशी की मेंदू मामाच्याच डोक्यात आहे. त्याचे फोटो तेवढे फार निघालेत.

मामा म्हणजे आईचा मोठा भाऊ. वय बावन्न, डोक्यावर टक्कल, लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतो. संस्थेच्या स्कॅन विभागात तो नऊ वर्षं अटेंडंट आहे, कंत्राटावर. तिथे चुंबकाचं एक मोठं मशीन आहे, त्याच्या बोगद्यात माणसाला आडवं करून मेंदूचे फोटो काढतात. येणाऱ्याकडून किल्ल्या, नाणी, पट्टा, पिना काढून घ्यायच्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम खोचायचा, कानात बोळे घालायचे, आणि माणूस बाहेर आला की ते बोळे उचलून टाकायचे, हे मामाचं काम. बोळे पिवळे आणि दमट असतात. मामा ते वर्णन करायला लागला की आई म्हणते, "जेवताना नको रे, दादा." मग तो हात धुऊन झाल्यावर उरलेलं सांगतो.

त्या विभागात पीएचडी करणारी मुलं येतात. त्यांना फेलोशिप असते, म्हणून त्यांना फेलो म्हणतात. आजारी मेंदूंशी ताडून बघायला प्रत्येक फेलोला काही धडधाकट मेंदू लागतात. असा धडधाकट माणूस म्हणजे त्यांच्या भाषेत "नॉर्मल". आणि नॉर्मल मिळता मिळत नाही. पन्नास मिनिटं डोकं तसूभरही हलवायचं नसतं. कुणाला नाकाला खाज सुटते, कुणी घोरायला लागतो, कुणी आत जाताक्षणी हातात दिलेला इशाऱ्याचा फुगा दाबून "काढा मला, काढा मला" सुरू करतो. मशीन आधी टकटक करतं, मग पत्र्यावर ड्रिल चालवल्यासारखं ओरडतं, मग मागे येणाऱ्या ट्रकसारखं. हे तिन्ही आवाज मला काढता येतात. आईने घरात बंदी घातलीय.

मामा मात्र हलत नाही. तो आत पडल्या पडल्या मनात आमची कपाटं आवरतो. वरचा खण, मधला खण, खालचा खण. आजवर अकरा फेलोंनी त्याला आत झोपवलंय आणि चहा-बिस्किटांवर बोळवलंय. तिथे त्याला सगळे "नॉर्मलकाका" म्हणतात. घरी आमचं यावर एकमत नाही. चुंबकाच्या धास्तीने जो माणूस घरूनच बिनपट्ट्याचा निघतो आणि बसस्टॉपपर्यंत एका हाताने पँट धरून जातो, त्याला नॉर्मल कसं म्हणायचं?

सुट्टीत शाळेने "घरातल्या एका माणसाचं काम" असा प्रकल्प दिला, म्हणून मी तीन दिवस मामाबरोबर गेले. दुसऱ्या दिवशी तो एका फेलोच्या खोलीत टेबल पुसत होता. ही फेलो दोन वर्षं तिथे होती. तिची फेलोशिप तिसऱ्या वर्षासाठी वाढणार की नाही हे सोमवारी समिती ठरवणार होती, आणि त्यासाठी तीस नॉर्मल दाखवायचे होते. भिंतीवर ते तीसही छापून लावले होते. सहा रांगा, रांगेत पाच. करड्या अक्रोडांचं दुकान.

मामाचा हात थांबला. "मैने," तो म्हणाला. मी सगळ्यांची नक्कल करते म्हणून तो मला मैना म्हणतो. "हा मी."

"कशावरून?"

"हा खड्डा बघ, डाव्या कानशिलाशी. जन्मापासूनचा आहे. पाण्याची बारकी पिशवी. डॉक्टर म्हणाले, त्रास नाही, राहू दे."

चौथा मेंदू होता तो. मामाचं बोट पुढे सरकलं. "हा पण मी." अकरावा. मग एकोणिसावा. मग सत्ताविसावा. चारही ठिकाणी तोच पावट्याएवढा खड्डा. सत्ताविसाव्याखाली छापलं होतं: पुरुष, वय तेवीस. मामाने टकलावरून हात फिरवला.

"मला म्हणाली, काका, मशीन तपासायचंय, जरा पडता का? चार वेळा पडलो."

तेवढ्यात फेलो आली. आमच्या नजरा भिंतीवर आहेत हे बघून ती कानापर्यंत लाल झाली. "काका, ते ना, चार जण ऐन वेळी गळले," ती म्हणाली. नाकातून बोलते, प्रत्येक वाक्य शेवटी वर नेते, जणू आपणच परवानगी द्यायची आहे. "एकाच्या दातांना तार निघाली, एक गावाला गेला. माझी फेलोशिप बंद झाली तर मी घरी काय सांगू?"

"खरं सांगा, ताई," मामा म्हणाला. तो तिला ताईच म्हणतो, ती त्याच्या निम्म्या वयाची असली तरी.

ती मोठ्या सरांना घेऊन आली. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख आणि तिचे मार्गदर्शक. त्यांच्या एका हातात चहा, दुसऱ्या हातात भिजून लोंबणारं बिस्किट. ते त्यांनी तोंडात ढकललं, बोटं एकेक करून चाटली आणि त्याच बोटांनी चार संमतीपत्रं मामापुढे मांडली. फॉर्मवर फिक्या पेन्सिलीने चार वेगळी नावं आणि चार वयं लिहिलेली होती. मामाने फक्त त्यावर पेन फिरवून सह्या करायच्या होत्या.

"बघा हं, ॲक्च्युअली," सर म्हणाले. घशात खर्रर्र करून ते आधी कफाला जागेवरून हलवतात, मग बोलतात. "चार वेगवेगळ्या दिवशी आलात ना तुम्ही? चार दिवस, चार मनःस्थिती. विज्ञानाच्या दृष्टीने जवळजवळ चार माणसं."

"एकाच डोक्याची, सर," मामा म्हणाला.

"तुम्ही कुटुंबातले म्हणून सांगतो. तुमची कायम होण्याची फाइल माझ्याच टेबलावर आहे. नऊ वर्षं झाली ना? उद्यापर्यंत सह्या द्या." आणि मामाच्या पाठीवर थाप मारली. शर्टावर बिस्किटाचा ओला ठसा उमटला.

संध्याकाळी जेवताना मी सगळं आवाजांसकट सांगितलं. आई हसली, मग तिचा चेहरा उतरला. कायम झाला असता तर मामाला आजारपणाची रजा मिळाली असती, दर अकरा महिन्यांनी नव्या कंत्राटासाठी सरांच्या दारात उभं राहणं सुटलं असतं.

"काय करणार आहेस, दादा?"

"सह्या करणार."

माझा घास तोंडातच राहिला. तो चिकट माणूस ह्याच्या पाठीला बोटं पुसून जातो आणि हा सह्या करणार. "शी, मामा," मी म्हणाले. "मग तूही त्यांच्यातलाच."

"चारही फॉर्मवर सही करीन आणि त्यांना त्यातला एकही वापरता येणार नाही. लावतेस पैज?"

"लावते. तू आजवर कुणाला नाही म्हणालायस का? सरांनी डोळे वटारले की सगळं त्यांच्या मनासारखं करून येशील."

"हरलीस तर मोरीची जाळी तू साफ करायची. फॉर्ममागे एक आठवडा."

ती जाळी घरात मामाच साफ करतो, कारण बाकी कुणाला ती बघवत नाही. मी जिंकणारच होते, म्हणून हो म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मामाने खोडरबर आणला होता. खिडकीशी बसून त्याने पहिल्या फॉर्मवरचं पेन्सिलीचं नाव खोडलं, कण फुंकले आणि पेनाने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. वय बावन्न. पत्ता आमचा. खाली सही. मग दुसरा, तिसरा, चौथा. सगळं अगदी खरं. सर आले, बोट जिभेला लावलं, फॉर्मांचे खालचे कोपरे फर्रर्र उलटून चार सह्या मोजल्या आणि "शाब्बास, काका" म्हणून गेले. वरचं नाव वाचण्याइतका वेळ त्यांनी अटेंडंटला कधी दिलेला नाही.

फेलोने फॉर्म फायलीत लावले. मामा म्हणतो, लावताना तिने नाव वाचलं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि फाइल बंद केली. मी म्हणते, छे, एवढी कुठली हिंमत तिला.

सोमवारी समिती आली तेव्हा मी नव्हते. मामाने सांगितलं, आवाज मी भरले. समितीच्या बाईंनी विचारलं, "हे एकच गृहस्थ चार वेळा कसे?" मोठे सर घसा हलवून म्हणाले, "बघा हं, ॲक्च्युअली, मुलीकडून नजरचूक झाली. मी तिला आधीच बजावलं होतं." ती मुलगी तिथेच उभी होती. मला तिची कीव कधी आलीच तर ती ह्या वाक्यापाशी. समितीने चारही मेंदू बाद केले आणि नवे चार नॉर्मल आणायला तिला तीन महिने दिले. फेलोशिप तोवर अधांतरी.

मामाची फाइल सरांना आता सापडत नाही. टेबलावर असलेली फाइल. त्याला पुन्हा अकरा महिन्यांचं कंत्राट मिळालंय. आई दोन दिवस धड बोलली नाही. मामा मात्र त्या संध्याकाळी दोनदा भात मागून जेवला, ताट धुतलं आणि मोरीकडे बोट दाखवलं.

पैज मी हरले. रोज सकाळी नाक दाबून दोन बोटांनी ती बुळबुळीत जाळी उचलते, आणि मामा दारात उभा राहून म्हणतो, "मैने, खालच्या बाजूचं राहिलं." अजून तीन आठवडे आहेत.