सुखीबाईनं गोत इचारलं

मी उज्ज्वला, आशा वर्कर. माया तोंडाले लगाम नाही असं माया सासूपासून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईपर्यंत सगळे म्हणतात, आन् ते काही खोटं नाही. पण सुखीबाईची गोष्ट मी आजवर कोणाले पुरी सांगतली नाही. अर्धी सांगतो आन् तिथंच थांबतो. आज पुरी सांगतो.

आमचं गाव पुसदपासून नऊ किलोमीटर. गावाच्या खालच्या अंगाले नाला, आन् नाल्यापलीकडं बंजाऱ्याईचा तांडा. दोन्हीकडची आशा मीच. सुखीबाई तांड्यातली, रामसिंग चव्हाणाची बायको. उंच, मजबूत, बोलायले माया वरताण. मले पहिल्यांदा पाहून म्हणलती, "एवढीशी तू, आन् आमच्या सुनाईचे बाळंतपणं पाह्यशीन?" तिले एकच पोट्टी, जया. पुसदच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाले होती. मायलेकी निंदायले बसल्या की त्याईचं भांडण अर्ध्या शिवारात ऐकू ये, आन् घरी येतांनी पाहावं तं एकमेकीच्या खांद्यावर हात टाकून हासत येत.

तीन वर्षांआधीची गोष्ट. भादव्यात सकाळी नऊच्या सुमारास बकऱ्याईसाठी गवत कापता कापता जयाले साप चावला. रामसिंग बाजारात गेलता. सुखीबाईनं पोरीले पाठुंगळी घेतलं आन् शेजारच्या तांड्यावर शंकरसिंग भगताकडं नेलं. शंकरसिंग राठोड, आन् सुखीबाईचं माहेर बी राठोडाचं. म्हणजे गोतानं तो तिचा भाऊच. भाऊ जवळ असतांनी परक्याच्या दारात कायले जायचं, एवढा साधा तिचा विचार. शंकरसिंगनं निंबाच्या पाल्यानं झाडलं, धागा बांधला, तीन तास मंतर म्हणला. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, पोरगी वाचावी म्हणून तो बी घामानं निथळत होता. बारा वाजता जयाच्या पापण्या उचलेनात, तवा जीप बोलावली. पुसद दिसाले लागलं आन् पोरगी मायच्या मांडीवर गेली. "याडी, मले दिसून नाही राह्यलं," हे तिचं शेवटचं बोलणं. याडी म्हणजे त्याईच्या बोलीत माय.

दवाखान्यातला डॉक्टर बोलून गेला, "तीन तास आधी आणलं असतं तं वाचली असती." तो दुसऱ्या पेशंटकडं गेला, विसरला बी असन. सुखीबाई नाही विसरली.

त्यानंतरचं वरीस मी पाह्यलं हाय. ती बोलेनाशी झाली. कोणी जेवू घातलं तं दोन घास खाये, नाही तं तशीच बसून राहे. जीपमध्ये पाय ठेवेना. बाजार असो का कोणाचं लग्न, पुसदले पायीच जाये, नऊ किलोमीटर जाणं आन् नऊ येणं. कधी कधी रस्त्यात उभी राहून आपल्याच थोबाडीत मारून घे. लोक म्हणत येडी झाली. मी म्हणो, येडी तुमची माय झाली असन. पण मले बी काही सुचून नव्हतं राह्यलं.

मंग पुसदले बस स्टँडजवळ एक बोर्ड दिसला. "मन मोकळं करा. समुपदेशन केंद्र. राखी राठोड." मेडिकलच्या दुकानावरती खोली. मी जिना चढून पाहून आली. स्वच्छ खोली, दोन खुर्च्या, भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये इंग्रजी कागद, त्याले सोनेरी शिक्का. बाई तिशीतली, गोड बोलणारी. मले वाटलं, देवच पावला. त्या इंग्रजी कागदावर काय लिहिलं हाय हे इचारायची मले गरज वाटली नाही. शिक्का पाह्यला ना, झालं.

पुढच्या शुक्रवारी सुखीबाईले घेऊन गेली. दोघी बी पायी, कारण ती जीपमध्ये बसाले तयार नाही. खुर्चीवर बसल्याबरोबर सुखीबाईनं त्या बाईले त्याईच्या बोलीत एकच प्रश्न इचारला, तुयं गोत कोणतं? त्याईच्यात नवीन माणूस भेटलं की आधी हेच इचारतात. आपण जसं गाव कोणतं इचारतो ना, तसं. गोत कळलं की नातं ठरते, आन् नातं ठरलं की माणूस परकं राहत नाही. राखी म्हणली, राठोड. सुखीबाईनं तिच्या आजाचं नाव इचारलं, तांडा इचारला, आन् मंग एवढ्या दिवसात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हाललं. राखी तिची भाची निघाली. "आत्या," राखी म्हणली, "सांग, काय झालं?"

दोन तास सुखीबाई बोलली. मी बाहेर जिन्यावर बसून होती. आतून हंबरडा आला तवा मले बरं वाटलं, एकदाची रडली म्हणून.

त्यानंतर दर शुक्रवारी. चौथ्या का पाचव्या वेळेले ती परत येतांनी म्हणली, "उज्ज्वला, आज जीपनं जाऊ." मी लगेच चढली. ती माया हात इतक्या जोरानं धरून होती की बोटं बधिर झाले. घरी पोचल्यावर तिनं सांगतलं, राखी काय म्हणली ते. "आत्या, तू पोरीले मारायले नेलं नव्हतं, वाचवायले नेलं होतं. दोष तुया नाही." सुखीबाई म्हणे, "एवढी शिकलेली बाई म्हणते, मंग खरंच असन ना?" मी म्हणलं, "मंग काय तं."

त्या एका वाक्यावर ती उभी राह्यली बाप्पा. कापूस वेचायले जाऊ लागली. रामसिंगवर खेकसू लागली, तवा तं तो बिचारा खुशीनं रडला. रातच्याले झोप नाही आली तं ते वाक्य म्हणत पडून राहे, असं तिनं मले सांगतलं होतं.

औंदा थंडीत यवतमाळले आमचं प्रशिक्षण झालं, मनाच्या आजारावर. शिकवायले एक डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणल्या, तुमच्या भागात कोण समुपदेशन करते, सांगा. मी छाती फुगवून उभी राह्यली. म्हणलं, आमच्या पुसदले राखी मॅडम हाये, त्याईनं आमची एक बाई उभी केली. मोबाईलमधला फोटो बी दाखवला, सुखीबाई आन् राखी, मागं भिंतीवर तो कागद. डॉक्टरबाईनं फोटो मोठा करून वाचला. मंग मले बाजूले घेऊन हळूच म्हणल्या, "ताई, हा डिग्रीचा कागद नाही. तीन दिवसांच्या शिबिराला हजर होत्या, एवढंच लिहिलं आहे. त्यांची दुसरी पदवी असेल तर माहीत नाही, पण विचारून घ्या. आणि ज्यांना त्यांनी उभं केलं, त्या बाईंना आमच्याकडं एकदा दाखवा."

मी तडक पुसदले उतरली. राखीसमोर उभी राहून म्हणलं, "तुयी डिग्री दाखव."

ती उठून उभी राह्यली. म्हणली, "एम.ए.ले होती मी ताई, मानसशास्त्राच्या. पहिल्या वर्षी लग्न झालं, शिक्षण सुटलं. मंग ते शिबिर केलं. डॉक्टर हाय असं मी कधी म्हणलं का? कोणाले गोळी देल्ली का? मी फक्त ऐकतो. लोकाईले कोणी ऐकणारं नाही."

"मंग ती फ्रेम कायले लावली?"

मी तिले लय बोलली. भगतात आन् तुयात फरक काय, असं बी बोलली. तिनं सगळं ऐकून घेतलं, डोळे पुसले, आन् एवढंच इचारलं, "आत्याले सांगशीन का?"

चार दिवस मी सांगू का नको करत होती. नाही सांगतलं तं यवतमाळले कायच्या नावानं नेऊ? सांगतलं तं ते वाक्य मोडते. शेवटी वाटलं, लपवालपवीत तं आपलं सगळं वाटोळं झालं. तांड्यावर गेली. सुखीबाई दारात तुरीच्या शेंगा सोलून राह्यलती. मी बसली आन् सांगून टाकलं, जसं झालं तसं.

तिचे हात थांबले नाही. चार-पाच शेंगा सोलल्यावर म्हणली, "म्हणजे ती बी तशीच."

"कशी?"

"शंकरसिंगासारखी. त्याले बी मी गोतच इचारलं होतं. हिले बी गोतच इचारलं. पोरगी गेली तरी मी काही शिकली नाही."

मी म्हणलं, "सुखीबाई, कागद मी बी नाही वाचला. यवतमाळले खऱ्या डॉक्टरबाई हाये, आपण जाऊ."

"ते जाऊ का नको, पाहू." तिनं टोपली बाजूले सरकवली. "पण मंग तिनं जे म्हणलं, दोष माया नाही, ते कोणं म्हणलं? शिकलेली बाई म्हणते म्हणून मी धरून बसली होती. ती शिकलेली नाही, मंग ते बी खोटंच ना? तू सरकारी हायस. सापाचं तुले शिकवलं असन. तू सांग, माया दोष होता का नव्हता?"

नव्हता म्हणणं सोपं होतं. तेवढ्यासाठीच तिनं इचारलं होतं. पण दोष कोणाचा ते मले मालूम होतं, ते लपवून नुसतं नव्हता म्हणणं मले जमेना.

म्हणून खरं सांगतलं. त्या पावसाळ्यात आम्हाले सापाचं पत्रक देल्लं होतं. साप चावला तं झाडफूक नाही, धागा नाही, सरळ दवाखाना, हे घरोघरी वाचून दाखवायचं होतं. गावात मी वाचलं. नाल्याले पाणी होतं, चिखल होता, मले कंटाळा आला, तांड्यावर मी आलीच नाही. रजिस्टरमध्ये मात्र तांडा झाला म्हणून लिहून सही केली. त्यानंतर बारा दिवसांनी जया गेली. "तुले कोणी सांगतलंच नव्हतं," मी म्हणलं. "सांगायचं काम मायं होतं. दोष माया हाय."

मी रडून राह्यलती. मले वाटलं ती मारीन, शिव्या देईन. देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं.

ती म्हणली, "तुले पहिल्या दिवसापासून मालूम होतं?"

मी हो म्हणलं.

"मायासंग पायी पायी पुसदले येत होती. जिन्यावर बसून मायं रडणं ऐकत होती. तवा हे एक वाक्य तुया तोंडून नाही निघालं?" तिचा आवाज चढला नाही. "तीन वर्षं मी एकलीनंच उचललं उज्ज्वला. अर्धं तुयं होतं."

ती टोपली घेऊन आत गेली. दार लोटून घेतलं.

आता ती राखीकडं जात नाही, यवतमाळले बी आली नाही. दर महिन्याले मी तांड्यावर जातो, चिखल असो का ऊन. तिच्या दारासमोर उभी राहून राम राम म्हणतो. रामसिंग आतून उत्तर देते.