चार सबवूफर आणि एक रिकामी खुर्ची

व्हर्न टॉलेफसनने आयुष्यातली एकतीस वर्षं आमच्या गावच्या धान्यकोठाराच्या वजनकाट्यावर काढली. मक्याचा ट्रक आला की हा लांब पोकळ सळई घेऊन वर चढायचा आणि पाच ठिकाणी ती खुपसून पाच ठिकाणचे दाणे काढायचा. वर कोरडा मका, खाली भिजका, ही मिनेसोटातली जुनी लबाडी. एकदा आमच्या पाद्रीबाबांच्या सख्ख्या भावाचा ट्रक त्याने परत पाठवला होता, आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये नेमका त्या भावाच्याच मागच्या बाकावर जाऊन बसला होता. निवृत्त झाला तेव्हा तो काट्यावरून उतरला, पण संशय काही त्याच्या डोक्यातून उतरला नाही.

मी ऑरिन, त्याचा शेजारी. बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या दारापुढचा बर्फ उपसत आलोय. त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. तो आणि त्याची बायको मुलीकडे डलुथला गेली की मी झाडांना पाणी घालायचो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्या किल्लीनेच माझी अब्रू काढली.

निवृत्तीनंतर व्हर्नने तळघरात सिनेमाची खोली केली. मोठा पडदा, भिंतींना जाड कापड आणि दोन आरामखुर्च्या. खोलीच्या मधोमध व्हर्नची, आणि बाजूच्या भिंतीला टेकून, विणकामाच्या दिव्याखाली, त्याच्या बायकोची, आर्डिसची. आर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती, तीही त्याच वर्षी निवृत्त झालेली. ‘आता रोज संध्याकाळी आम्ही दोघं,’ असं व्हर्नने मला सांगितलं तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं आमच्याकडे दुसऱ्याचा टूथब्रश वापरण्यासारखं आहे, तेव्हा या खुर्च्या जन्मभरासाठी ठरल्या असंच समजा.

मग पहिला सबवूफर आला. टेबलाएवढी काळी पेटी, तिचं काम एकच, सगळ्यात खालचा खर्ज द्यायचा. ती खोलीत कुठे ठेवायची हे शोधायची आवाजाच्या शौकिनांची एक रीत आहे. पेटी उचलून ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवायची, एकच घुमणारा तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा आणि आपण कान जमिनीलगत ठेवून भिंतीच्या कडेकडेने रांगायचं. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल तिथे पेटीची जागा. तर व्हर्नच्या खुर्चीत पेटी बसली आणि साठी उलटलेले आम्ही दोघं ढुंगण वर करून तळघरभर रांगलो. जागा पडद्याजवळच्या कोपऱ्यात सापडली. मग व्हर्नने आपल्या खुर्चीवर माइक ठेवून मोजमाप घेतलं आणि मापकाचा काटा बरोबर जागी आला तेव्हा टाळी वाजवली.

आर्डिस खाली आली, आपल्या खुर्चीत बसली, पाच मिनिटं ऐकलं.

“कसं आहे?” व्हर्नने विचारलं.

“वेगळंच आहे हं,” आर्डिस म्हणाली.

आमच्याकडे ‘वेगळंच आहे’ म्हणजे आवडलेलं नाही. ‘ठीक आहे’ म्हणजे काय ते मात्र देवालाच ठाऊक; नातवाच्या बारशालाही लोक ठीक आहे म्हणतात आणि पाय मोडल्यावरही. व्हर्न इथेच जन्मलाय, त्याला हे कळायला हवं होतं. पण तो काट्याकडे बघत होता.

वर्षभर गाडी चालली. मग आर्डिसचं खाली येणं कमी झालं. आज विणकाम, उद्या फोन, परवा डोकं दुखतंय. शेवटी ती संध्याकाळी खाली येईनाशी झाली, आणि व्हर्न रिकाम्या खुर्चीशेजारी एकटा सिनेमे बघायला लागला. त्याच सुमारास त्याच्या लक्षात आलं की पेटीच्या मागचं आवाजाचं बटण जागचं हललंय. फार नाही, केसभर. दुसरा कुणी असता तर त्याला दिसलंही नसतं. व्हर्नने पेन्सिलीने खूण केली. पुढच्या रविवारी बटण खुणेच्या केसभर डावीकडे. त्याच्या पुढच्या रविवारी केसभर उजवीकडे.

झालं, त्याच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी घरात येऊन आवाज बिघडवतंय. आवाज बिघडला म्हणून आर्डिसचं मन उडालं. आर्डिसचं मन उडालं म्हणून खुर्ची रिकामी. आणि किल्ली कुणाकडे? ऑरिनकडे. त्याच्या खर्जाने कुणाच्या कपाटातल्या बश्या किणकिणतात? ऑरिनच्याच. बश्यांबद्दल मी एकदा, फक्त एकदाच, बोललो होतो.

आमच्याकडे कुणी कुणावर तोंडावर आरोप करत नाही. शनिवारी चर्चच्या तळमजल्यावर कॉफी पिताना व्हर्न माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाला, “काहींना दुसऱ्याच्या घरात फार करमतं, नाही का?” टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या केककडे बघायला लागले. आणि गुरुवारी तो माझ्या दारात उभा. “कुलपं बदलायचा विचार आहे. ती जुनी किल्ली तुझ्याकडे उगाच पडून असेल.”

“उगाच नाही, झाडांना पाणी घालायला,” मी म्हणालो.

“झाडं तशीही ठीक आहेत.”

मी किल्ली दिली आणि दार जरा जोरातच लावलं. मला राग आला होता, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं. बावीस वर्षांचा बर्फ उपसून काय मिळवलं, असं झालं.

व्हर्न मात्र हट्टाला पेटला. एका पेटीने बायको येत नाही तर दोन आणू, म्हणून दुसरी आली. मग तिसरी, मग चौथी. प्रत्येक वेळी पेटी त्याच्याच खुर्चीत बसायची आणि तो एकटाच रांगायचा. त्याच्या तळघराच्या खिडकीतून मला त्याची पाठ दिसायची. चार पेट्या त्याच्या खुर्चीला सोयीच्या अशा ठिकाणी लागल्या आणि काटा एकदम सरळ आला. त्याने आर्डिसला हाताला धरून खाली नेलं. दहा मिनिटं बसून ती “ठीक आहे” म्हणाली आणि वर गेली. त्या रविवारी चारही पेट्यांची बटणं केसभर हललेली.

सोमवारी सकाळी व्हर्न माझ्या गॅरेजमध्ये आला. हातात बटाटे-खिम्याच्या भाजलेल्या हॉटडिशचा डबा. माफी मागायची असली की आमचे लोक काहीतरी भाजून आणतात.

“कुलपं बदलली होती,” तो म्हणाला. “तरी बटणं हलली.”

“मग आता कोण? पाद्रीबाबांचा भाऊ?”

तो हसला नाही. “घरात तिच्याशिवाय कुणी नाही, ऑरिन. तिला हे सगळं मोडायचंय. शनिवारी मी कॉफीला गेलो की ती काहीतरी करते. तू माझ्याबरोबर चल. साक्षीला कुणीतरी हवं.”

“काल चोर होतो, आज साक्षीदार?”

“डबा गरम आहे अजून,” तो म्हणाला.

शनिवारी सकाळी व्हर्नने पिकअप चर्चपाशी उभा केला, आम्ही मागच्या गल्लीने बर्फातून चालत आलो आणि तळघराच्या बाहेरच्या दाराने आत शिरून घर तापवणाऱ्या भट्टीच्या खोलीत लपलो. दोन जाडजूड म्हातारे, अंगात हिवाळी कोट, मध्ये पेटलेली भट्टी. दाराच्या फटीला एकेक डोळा लावून आम्ही घाम पुसत उभे राहिलो.

साडेनऊला आर्डिस खाली आली. एका हातात कॉफी, काखेत विणकाम. कॉफी खाली ठेवून ती एकेका पेटीमागे हात घालायची, न बघता बटण फिरवायची. चारही पेट्यांचा आवाज तिने जवळपास घालवला. व्हर्नने माझं मनगट घट्ट पकडलं. मग तिने नाचगाण्यांचा एक जुना सिनेमा लावला, भिंतीजवळच्या आपल्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली, आणि थोड्या वेळाने खळखळून हसली.

“हसतेय,” व्हर्न कुजबुजला. “तिला सिनेमा नको असं नाहीये. तिला मी नकोय.”

असला आवाज मी त्याच्या तोंडून बावीस वर्षांत ऐकला नव्हता. तेवढ्यात तो दार ढकलून बाहेर पडलासुद्धा, आणि त्याच्यामागून मीही, कारण दुसरं काय करणार?

आर्डिसने सिनेमा थांबवला. आमच्याकडे बघितलं, भट्टीकडे बघितलं. “कॉफी घेणार का?” तिने विचारलं.

“मी नकोसा झालो असेन तर सरळ सांग,” व्हर्न म्हणाला. “लपूनछपून कशाला?”

“लपून कोण होतं?” आर्डिस म्हणाली. ती उठून उभी राहिली. “बस इथे.”

“कुठे?”

“माझ्या खुर्चीत.”

व्हर्नने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तो अवघडून, कडेला टेकला. आर्डिसने अंदाजाने चारही बटणं पूर्ववत केली आणि त्याचा आवडता विमानांचा सिनेमा लावला. मी मधोमध उभा होतो, मला छान वाटत होतं. व्हर्नच्या नाकावरचा चष्मा मात्र थरथरायला लागला. भिंतीजवळ सगळा खर्ज येऊन साचत होता. माणसं काय बोलतायत ते ऐकू येईना, नुसती छातीत धडधड. त्याने खुर्चीचे हात धरले.

“बंद कर,” तो ओरडला. “डोकं फुटेल!”

तिने बंद केलं. “अर्धं मिनिट झालं,” ती म्हणाली. “मी वर्षभर बसले.”

“मग सांगायचं नाही?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं. वेगळंच आहे म्हटलं होतं मी.”

व्हर्नने चष्मा काढून पुसला.

“नंतर म्हणालास, काटा बरोबर आहे. तुझ्या काट्यापुढे मी काय बोलणार? म्हणून शनिवारी तू गेलास की माझ्यापुरता आवाज कमी करायचे आणि जाताना होता तसा करून ठेवायचे. तुझी मजा कशाला घालवू?” तिने विणकाम उचललं, पुन्हा ठेवलं. “एकतीस वर्षं, व्हर्न. एकाच ठिकाणचे दाणे बघून एक तरी ट्रक आत सोडलास?”

व्हर्न उठला, कोपऱ्यातली पेटी उचलायला लागला, आणि एकट्याला झेपेना तेव्हा म्हणाला, “ऑरिन, हात लाव.” पेटी आम्ही आर्डिसच्या खुर्चीत बसवली. तो गुडघ्यांवर आला, मी आलो, आणि मग पदर खोचावा तसा स्वेटर वर ओढून आर्डिसही आली. तिघं भिंतीकडेने रांगत होतो आणि आर्डिस प्रत्येक कोपऱ्यात “इथे नको, इथेही नको” म्हणत होती. नंतर तीच पेटी व्हर्नच्या खुर्चीत ठेवून पुन्हा सगळी फेरी. जेवायच्या वेळेपर्यंत चार पेट्या चार भिंतींच्या मध्यावर एकेक अशा लागल्या. माइक आधी तिच्या खुर्चीवर ठेवला, मग त्याच्या. व्हर्नच्या खुर्चीत काटा पूर्वीइतका सरळ आला नाही. त्याने ते बघितलं आणि माइक गुंडाळून ठेवला.

मी कोट घातला तेव्हा त्याने खिशातून एक नवी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. “झाडांसाठी,” म्हणाला.

आर्डिस आपल्या खुर्चीत बसली होती. विमानं उडत होती.

“आता कसं आहे?” व्हर्नने विचारलं.

“ठीक आहे,” आर्डिस म्हणाली.

व्हर्नने तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षं मक्याच्या ट्रककडे बघायचा, अगदी तसंच.

“ऊठ,” तो म्हणाला. “मला बसून बघू दे.”