नकाशातून खोडलेली पाणंद

मोठ्या कंपनीचं नकाशाचं ॲप मी वैतागून काढून टाकलं. रस्ता विचारावा तर हॉटेलांच्या जाहिराती दाखवायचं, आणि इंदापूर तालुक्यात उसात शिरलं की रेंज जायची नि ते आंधळं व्हायचं. मग दोन-चार ॲपं चाळून एक ओपन सोर्सवालं घेतलं. नकाशा एकदा डाउनलोड केला की रेंज नको, आणि त्यात कुणालाही रस्ता भरता येतो. लासुर्ण्याजवळ माझी मावशी वस्तीवर एकटी राहते. डांबरी रस्त्यापासून तिच्या दारापर्यंतची पाणंद, म्हणजे शेतांमधली गाडीवाट, मीच त्यात काढली होती. केवढा मिरवलो होतो!

या हिवाळ्यात मावशीच्या छातीत दुखू लागलं. तिला बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून घरूनच नकाशा नव्यानं डाउनलोड करून वाट आखायला बसलो, तर पाणंद गायब. ॲपच बिघडलं असेल म्हणत निघालो. पोचून बघतो तर पाणंदीवर ऊस उभा! मावशीचा चुलत दीर शेजारीच राहतो. वर्षानुवर्षं बांध कोरत आला होता, यंदा त्यानं अख्खी वाट गिळली. मावशी फोनवर याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती.

तो तिथंच उभा होता. "कसली पाणंद? नकाशात तरी हाय का?" म्हणत त्यानं मोबाइल पुढं केला. तेच ॲप! "म्याच खोडली. कुणालाबी खोडता येतंय की." आणि दात काढून हसला.

मला शिसारी आली. त्याची आली, आणि कौतुकानं निवडलेल्या त्या ॲपचीही आली. आमच्या माणसांच्या हाती काहीही मोकळं द्या, तिथंही बांध कोरणारच.

मावशीला उसातून हाताला धरून आणलं. पात्यांनी तिचे हात चिरले. दम खायला ती चारदा थांबली. तिला गाडीत बसवतोय, तोवर हा इस्त्रीचे कपडे घालून हजर.

"बारामतीलाच चाललाय न्हवं? मलाबी सोडा."

मी दार आपटून लावणार होतो. पण छातीवरचा हात तसाच ठेवून मावशी आत सरकली.

"बसू दे भावजींना," ती माझ्या कानाशी म्हणाली. "रातच्याला दुखाय लागलं, तर हाक त्यांनाच मारायची हाय."