बंद पंख्याखालचा राजेशम

राजेशमच्या स्टुडिओत कुणी पाय ठेवला की तो आधी पंखा बंद करायचा. या, बसा, पाणी घ्या, हे सगळं नंतर. आधी भिंतीकडं हात, खटक्, पंखा बंद. पाती फिरून फिरून गप्प होईपर्यंत मान वर करून उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "हं. आता बोला." हे कुठं, तर सोलापुरात, वैशाखात, पत्र्याच्या छपराखाली. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पदरानं वारा घ्यायला लागले, तर हा माणूस हात जोडून म्हणतो, "अक्का, पदर नका हलवू ओ. तुमची म्हातारी हलती."

म्हातारी म्हणजे माझी बाहुली. आता हे तुम्हाला नीट सांगायला पाहिजे. मी बोटाच्या पेराएवढी माणसं करते. शाडू मातीची, वाळवायची, बारीक कुंचल्यानं रंगवायची. शिकले कुठंच नाही. गौरीपुढं मांडायला म्हणून सुरू केलं आणि सुटलं नाही. माझं माहेर वळसंग. तिथली शेरडं राखणारी म्हातारी, बाजारातली बांगडीवाली, पारावर तंबाखू मळणारे दोघं, असली माझी प्रजा. सूनबाईनं मोबाईलवर त्यांचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले, तर पुण्याहून माझ्या धाकट्या नणंदेनं विचारलं, "वहिनी, चिंचोके का वाळत घातलेत?"

तो राग डोक्यात घेऊन मी राजेशमकडं गेले. आमच्या पलीकडच्या गल्लीत टॉवेलच्या मागांचा कारखाना आहे, त्याच्या माडीवर त्याचा स्टुडिओ आणि खाली मागच्या अंगाला घर. विणकरांच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा. जन्मभर लग्नांचे फोटो काढले. लग्नवाले ड्रोनवाल्यांकडं गेले तसा हा माडीवर एकटा बसून राहिला. मी डबी उघडली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून म्हातारीला डोळ्याजवळ धरलं, उजेडाकडं वळवून फिरवून बघितलं. मग म्हणाला, "हिच्या नाकात चमकी हाय की!"

"हाय तर. दिसती का?"

"मला दिसली. कॅमेऱ्याला दाखवतो."

पहिल्या दिवशी मी त्याला "अहो मास्तर" म्हटलं. दिवाळीपर्यंत "अरे राजेशम" झालं आणि भाऊबीजेला तो ताटासमोर येऊन बसला.

मला वाटलं होतं, तो म्हणेल मोठा कॅमेरा लागतो. छे! "कॅमेरा जुना चालतो अक्का. लेन्स जवळचं बघणारी पायजे. स्टँडचे पाय घट्ट पायजेत. आन उरलेला सगळा जीव उजेडावर लावायचा. बाकी दुकानदाराचं बोलणं." उजेडाबद्दल त्याचं म्हणणं असं, की तो समोरून अंगावर धावून येऊ नये. एका बाजूनं, जरा वरून, पातळ धोतराच्या फडक्यातून गाळून यावा. दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करायचा, म्हणजे तिकडचा गाल अगदीच अंधारात जात नाही. "सावली मारायची न्हाई. समजूत काढायची तिची," असं म्हणत तो पुठ्ठा केसभर सरकवायचा.

पण पंखा का बंद, हे मला कळायला वेळ लागला. इतक्या लहान बाहुलीच्या जवळ गेलं की नाकावर नजर धरली तर कान धुक्यात जातो. म्हणून लेन्सचं भोक बारीक करायचं. भोक बारीक केलं की उजेड कमी आत येतो, मग कॅमेऱ्याला डोळा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. आणि एवढं करूनही सगळी बाहुली एकदम येत नाहीच. नाकाच्या शेंड्यापासून सुरू करायचं, एक फोटो, नजर केसभर मागं, दुसरा फोटो, असं करत करत पाठीपर्यंत जायचं. मग कॉम्प्युटरवर प्रत्येकातलं स्पष्ट तेवढं उचलून एक चित्र जुळवायचं. या सगळ्यात काही म्हणजे काही हलायला नको. पंख्याचा वारा नको, दाराची उघडझाप नको, जिन्यावर पाऊल नको.

आणि खाली तर माग! दिवसभर खटाखट खटाखट, माडीची फरशी पायाखाली शहारत असायची. ते माग थांबायचे एकदाच, दुपारी कामगार भाकरी खायला उठले की. म्हणजे डोक्यावर ऊन, पत्रा तापून तडतडायला लागलेला, आणि त्या वेळेला राजेशम खिडक्या लावून, पंखा बंद करून, दिवे पेटवायचा. माग थांबले की सगळ्या गल्लीत एक शांतता पडायची. बाकीच्यांना ती बरी वाटायची. मला नाही वाटायची. कुणीतरी श्वास धरून बसलंय असं वाटायचं.

दिवेही साधे नव्हते. लग्नातले ते जुने, मोठे हॅलोजनचे. जवळ हात नेला तर चुलीसमोर बसल्यासारखं. एकदा मी धनगर केला होता, त्याच्या मुंडाशाला मेणाची घडी बसवली होती. राजेशम एकेक फोटो काढत मागं सरकत होता आणि प्रत्येक फोटोत धनगराचं मुंडासं थोडं थोडं खाली येत होतं. शेवटच्या फोटोत तर ते डोळ्यांवर आलं. आम्ही पडद्यावर ओळीनं बघत होतो. मी पडद्यावरून नजर काढली. राजेशम मात्र चिडला, "हलला ओ हा!"

"अरे हलला नाही, वितळला," मी म्हटलं. "मेण वितळतंय तिथं तू बसतोस."

"मी काय मेणाचा हाय?" म्हणून हसला.

दुसऱ्यांदा बांगडीवाली. फोटो मोठा करून बघितला तर तिच्या गळ्याभोवती एक जाड दोर, टोक मागं लोंबतंय. मी "अगं बाई!" म्हणून मागंच सरले. ती खालून आलेली मागाची पिंजण होती, कापसाची तूस. डोळ्यांना दिसत नाही, पण त्या लेन्ससमोर दोरखंडासारखी दिसते. राजेशमनं कुंचल्यानं ती अलगद उचलली, फुंकर मारायची सोय नव्हती, आणि पुन्हा नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात केली. मी घरी येऊन त्या बाहुलीला कुंकू लावलं. हसा तुम्ही. मला ते चित्र आवडलं नव्हतं.

त्याची बायको बालामणी खालच्या घरात विड्या वळत बसलेली असायची. ती मला रोज एकच म्हणायची, "अक्का, तुमचं ऐकतेत हे. सांगा की जरा. डोकं दुखतंय म्हणतेत, उलटी होती, परत वर जातेत."

मी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, मुलाकरवी एलईडीचे दोन दिवे मागवले. थंडगार, पांढरे. हात लावला तरी काही नाही. राजेशमनं ते नाकारले नाहीत, त्याच्या स्वभावात नव्हतं ते. बांगडीवालीलाच उभं केलं, आधी या दिव्यांत, मग त्या दिव्यांत, आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. मी तिचं इरकल डाळिंबी रंगात रंगवलं होतं, चार वेळा रंग मिसळून. हॅलोजनमध्ये ते डाळिंब होतं. माझ्या एलईडीत जुनी वीट.

"रंग तुमचा हाय अक्का. तुमीच सांगा."

मी हॅलोजनकडं बोट केलं. दुसरं काय करणार? समोर दिसत होतं.

त्यानं बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी त्या दिव्याच्या दांड्यावर थाप मारली. "किती नवऱ्या बघितल्यात ह्यांनी. कुंकवाचा रंग ह्यांनाच कळतो." माझा मुलगा म्हणाला, रंग खरा दाखवणारे चांगले एलईडी मिळतात, ते मागवू. राजेशम म्हणाला, "मागवा की. दिवाळीला बघू."

त्या वर्षी ऊन फाल्गुनातच अंगावर आलं. आणि त्याच दिवसांत राजेशमनं मला काम सांगितलं. नजर जमिनीकडं लावून म्हणाला, "अक्का, माझ्या बापाला करता का?"

जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढणाऱ्या या माणसाकडं बापाचा एकही फोटो नव्हता. बाप हातमागावर बसायचा, खड्ड्यात पाय सोडून. राजेशम लहान असतानाच गेला. "अक्षय तृतीयेला पितरांचं ताट मांडतो आमी. भिंतीवर समदे हायेत, आजा हाय, चुलता हाय. बाप न्हाई. ताट कुणाकडं बघून मांडायचं?"

मग रोज सकाळी तो आमच्या ओसरीवर यायचा आणि मी माती दाबायचे. "कपाळ मोठं. न्हाई, एवढं न्हाई. गालफडं आत. कान असे बाहेर. डावा खांदा उतरलेला, मागावरचा धोटा फेकून फेकून." एकदा सांगता सांगता थांबला, माझ्या बोटांकडं बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "आला की ओ."

मी मान वर केली तेव्हा एक गोष्ट दिसली. आम्ही सगळे घामानं निथळत होतो. ओसरीवरचा कुत्रा जीभ काढून पडला होता. राजेशमचं कपाळ कोरडं होतं, लालबुंद आणि कोरडं.

"अरे, तुला घाम कसा येत नाही?"

"आता न्हाईच येत अक्का. सवय झाली. अंग तयार झालंय माझं." असं म्हणून दंड दाखवला, पैलवानासारखा.

मी त्याला चांगलं लक्षण समजले. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, ते काय होतं.

सणाच्या आदल्या दिवशी तो बापाला घेऊन माडीवर गेला. मी ताकाचा तांब्या घेऊन बालामणीजवळ बसले होते. जिन्याच्या पहिल्या पायरीवरून तो वळून म्हणाला, "माग सुरू झाले की येतो खाली. ताक ठेवा. आन कुणी वर येऊ नका, बापाला एकदाच बसवणार हाय मी." वर पावलं वाजली. पंख्याचं बटण खटक् झालं. मग खालचे माग एकेक करून थांबले.

ती शांतता मी अजून विसरले नाही. पत्रा मधूनच तडकायचा. बालामणी विडी वळायची थांबून वर बघायची, मग परत वळायची. "आज वेळ लागतोय," ती म्हणाली. "बाप हाय ना," मी म्हटलं. जिन्यावर पाऊल टाकायचं नाही हा त्याचा नियम आम्हा दोघींच्या अंगात मुरलेला. आम्ही हळू बोलत होतो. भांडंसुद्धा बालामणीनं सांभाळून खाली ठेवलं.

कामगार परत आले. माग सुरू झाले, खटाखट खटाखट. आता तो "मेले एवढ्यात आले का" म्हणत उतरणार, रोजच्यासारखा. आम्ही जिन्याकडं बघत राहिलो. माग चालू होते आणि जिना रिकामा होता. बालामणीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या हातातलं विडीचं पान गळून पडलं आणि आम्ही दोघी एकदम उठलो.

दार ढकललं तर आतून भट्टीसारखी झळ आली. दिवे पेटलेले. राजेशम स्टुलावरून घसरून स्टँडच्या पायाशी पडला होता, एक हात लांब, पण स्टँडला धक्का नव्हता. पडतानाही त्यानं ते सांभाळलं असणार. टेबलावर उजेडात त्याचा बाप बसलेला, आणि खालच्या मागांनी तो एवढासा बाप थरथर थरथर कापत होता.

पाणी ओतलं, रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्माघात; घाम यायचा थांबला तेव्हाच अंगाची निवायची ताकद संपत आली होती. संध्याकाळी तो गेला.

कॅमेऱ्यातले फोटो माझ्या मुलानं काढले. नाकाच्या शेंड्यापासून सुरुवात होती. मग ओठ, मग डोळे, मग गालफडं. कानापर्यंत आला होता. तिथं थांबलं. उतरलेला डावा खांदा, हात, धोटा, माग, सगळं धुक्यात राहिलं. त्यातला डोळे स्पष्ट असलेला एक फोटो आम्ही मोठा करून घेतला. बालामणीनं तो सासऱ्यांच्या जागी लावला आणि पुढच्या वर्षी अक्षय तृतीयेला त्याच्याकडं बघून ताट मांडलं. दुसरं ताट कुणाकडं बघून मांडायचं, हा प्रश्न होता. राजेशमचाही फोटो नव्हता. आधारकार्डावरचा वाढवून आणला, तर तो ओळखूच येईना. तिनं भिंतीकडून माझ्याकडं तोंड वळवलं.

मी केला. चष्मा कपाळावर, एक हात पंख्याच्या बटणाकडं. फोटोसाठी माडीवर गेले नाही. तिच्याच घरात, दारातल्या उजेडात, पंखा पूर्ण सोडून, माग चालू असताना मोबाईलवर काढला. फोटोत राजेशमच्या कडा दुहेरी आल्या, चष्म्यापाशी पिंजणीची तूस अडकलेली.

"हललाय गं," मी म्हटलं. "थांब, पंखा बंद करून दुसरा काढते."

बालामणी भिंतीकडं गेली आणि बटणावर हात ठेवून उभी राहिली, मला दाबू देईना.

"राहू दे अक्का," ती म्हणाली. "हलू दे त्यांना."