सातव्या खोलीची किल्ली

ल्युएला हॉफस्टेटर आमच्या ओहायोतल्या शाळेत अकरा वर्षं बदली शिक्षिका होती. मी तिथल्याच स्वयंपाकघरात. बिचारीला स्वतःचा वर्ग नाही म्हणून तिच्या ताटात कुस्करलेले बटाटे जरा जास्तच पडायचे, हे कबूल करते. एखादी बाई बाळंतपणाला गेली, कुणाचं ऑपरेशन निघालं, की तो वर्ग ल्युएलाचा. गेलं वर्षभर सातव्या खोलीतला दुसरीचा वर्ग तिच्याकडे होता, कारण तिथल्या बाई निवृत्त झाल्या होत्या. खिडकीत घेवड्याच्या कुंड्या, दारावर मुलांचे हात उमटवलेले. ती खोली तिला कायमची हवी होती.

पण दर जूनसारखंच मुख्याध्यापक ब्रँट म्हणाले, "ऑगस्टात बघू. आत्ताच शब्द नाही देता येत."

ती आपली खुशाल. बहिणीच्या मळ्यात स्ट्रॉबेरी खुडायची, संध्याकाळी नदीत पाय सोडून बसायची. चिडायचं काम माझ्याकडे.

"शब्द देत नाहीत ना? मग तू बेकार. कर बेकारी भत्त्याचा अर्ज."

"अगं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तरणीला कुठला भत्ता? सुट्टीनंतर काम मिळणारच असेल तर देत नाहीत."

"मग मिळणार आहे का, हे त्यांनाच सांगू दे की!"

शेवटी तिने अर्ज केला. भत्त्याचा खर्च शाळेच्याच माथी येणार, म्हणून शाळेने लगेच हरकत घेतली. सुनावणी फोनवर होती, म्हणून माझ्या टेबलावर फोन मोठ्याने लावून बसलो. मध्ये मी भाजलेली रुबार्बची आंबटगोड पाई होती, पण तिला अजून कुणी सुरी लावली नव्हती.

भत्ता कार्यालयातल्या अधिकारी बाईंनी ब्रँटना विचारलं, "यांना सुट्टीनंतर काम आहे का?"

ब्रँट तर पेटलेच. "शंकाच नको! सातवी खोली तिचीच. तेच काम, तोच पगार, पूर्ण वर्ष!"

"हे शपथेवर सांगताय?"

"शपथेवर!"

मी कपाळाला हात लावला. ल्युएलाने मात्र पाईचा मोठा तुकडा कापून घेतला.

दहा दिवसांनी निकाल आला, अर्ज नामंजूर. मला इतका संताप आला की हातातलं भांडं आपटलं. ल्युएलाने कागद दोनदा वाचला आणि फ्रिजवर चुंबकाखाली लावला.

"अगं बाई, हरलीस ना तू?"

"हरले. पण अकरा वर्षांत माझ्याबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी लेखी दिलंय. वाच ना, ब्रँटचं बोलणं शब्दन् शब्द उतरवलंय."

ऑगस्टात ती शाळेत गेली, मी भाज्यांची यादी द्यायच्या निमित्ताने मागोमाग. ब्रँटनी डोकं खाजवलं. "त्याचं काय आहे ल्युएला, एका तरुण मुलीचा अर्ज आलाय सातव्या खोलीसाठी. बघू..."

ल्युएलाने कागद टेबलावर पसरला. आवाजही चढवला नाही.

"बघा ना. शपथ तुमची आहे. खोली द्यायची नसेल तर तसं लिहून द्या, मी आजच भत्त्याच्या त्या अधिकारी बाईंना कळवते. शाळेने काय सांगितलं होतं, ते त्यांच्याकडे रेकॉर्ड आहे."

ब्रँटनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाचता वाचता कान लाल झाले. मग वर्षभराच्या करारावर सही केली आणि खणातून किल्ली काढली.

शाळा सुरू झाली त्या दुपारी ल्युएला ताट घेऊन समोर उभी राहिली. मी सवयीने बटाट्यांचा मोठा डाव उचलला.

"पुरे गं," ती म्हणाली. "आता सगळ्यांसारखंच वाढ."